बसते, पण जुळते का?

अमेरिकेत मोटारीचा एखादा सुटा भाग घ्यावयास दुकानात गेले असता गल्ल्यामागचा मनुष्य पहिला प्रश्न वर्षाचा विचारतो. "कोणत्या वर्षाची?" गाडीचे नाव, नमुना, इंजिन ही सारी चौकशी त्यानंतरची. मुंबईत वाढलेल्या आमच्यासारख्यांना आरंभी ह्या प्रश्नाचे नवल वाटते. आपल्याकडे गाडी बहुधा फियाट असे, नाही तर ॲम्बॅसिडर. तिचे वर्ष टॅक्सीवाल्याला परवान्याच्या कामापुरते ठाऊक असे, आणि मिस्त्रीला तेवढेही ठाऊक असण्याचे कारण नसे.

ह्याला कारणही तसेच होते. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डी निघू लागली. तीच पुढे प्रेसिडेंट झाली, तीच पद्मिनी झाली, आणि शतक संपत येईपर्यंत जवळजवळ त्याच रूपात बाहेर पडत राहिली. ॲम्बॅसिडर तर पन्नाशीच्या दशकाअखेर सुरू झाली ती २०१४ साली थांबली. जी गाडी दोन पिढ्या बदलतच नाही, तिच्या कोणत्याही वर्षाचा भाग कोणत्याही वर्षाला लागणारच. भायखळ्याचा मिस्त्री मोडीत निघालेल्या टॅक्सीचा लोअर आर्म काढी, दुसरीला लावी, वर हात पुसत म्हणे, "बसते." ह्या एका शब्दावर मुंबईची टॅक्सी चालली. नियमाप्रमाणे वीस वर्षे पूर्ण झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा त्या शब्दाचाही निरोप समारंभ करावयास हरकत नव्हती.

इकडे मात्र गाडीचे नाव तेच राहते आणि पोटातले सारे बदलते. फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी मस्टँग नावाची गाडी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणली. मूळ सांगाडा कंपनीच्या फाल्कन ह्या साध्या गाडीचा. ती इतकी खपली की १९६६ ह्या एका वर्षाच्या नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. १९६७ साली त्याच नावाची गाडी रुंद झाली आणि पुढच्या दोन चाकांतले अंतर सुमारे दोन इंचांनी वाढले. १९६८ साली डिस्क ब्रेकचा पकडणारा भाग बदलला. १९७० साली चाक ज्यावर फिरते तो स्टब ॲक्सल अधिक जाड झाला. मस्टँग म्हणजे रानघोडा. नाव एक, घोडा एक, पण दर दोन वर्षांनी नालांचे माप निराळे!

ह्या विषयाशी शाळामास्तरणीचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आमच्या मामांमुळे आला. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि १९६८ पासून तो कायदा पुरता अमलात आला. त्या उघडलेल्या दारातून जे भारतीय तंत्रज्ञ इकडे आले, त्यांतले मामा एक. १९६९ साली ते न्यू जर्सीत उतरले आणि दोन वर्षांनी त्यांनी जुन्या बाजारातून फिकट निळ्या रंगाची १९६६ ची मस्टँग घेतली. सहा सिलिंडरची, २०० घन इंच इंजिनाची. म्हणजे श्रीमंती थाटाची नव्हे, बायकोला बाजारात व मुलांना शाळेत नेणारी. तिच्या क्रमांकातले दुसरे अक्षर 'टी' आहे. त्याचा अर्थ ती मेटुचेन कारखान्यात जुळवली गेली, आणि हा कारखाना नावाने मेटुचेनचा असला तरी उभा होता एडिसन गावात. आज एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपण जेथे पोहे, कोकम आणि चकलीची भाजणी घ्यावयास जातो, तेथून तो काही मैलांवर होता. २००४ साली तो बंद झाला, पुढे पाडला गेला.

मामा गेल्यावर गाडी घरच्या गॅरेजात झाकून उभी राहिली. आता मामांचा नातू, म्हणजे आमच्या मामेभावाचा मुलगा, चोविशीचा झाला असून ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी असे त्याने मनात घेतले. त्याचे पहिले म्हणणे पुढच्या ब्रेकविषयी होते, आणि ते खरे होते. सहा सिलिंडरच्या मस्टँगला पुढे नऊ इंची ड्रम ब्रेक असत. आठ सिलिंडरच्या गाडीला दहा इंची ड्रम, आणि जादा पैसे मोजले तर डिस्क. सहाच्या चाकाला चार बोल्ट, आठच्या चाकाला पाच. स्टब ॲक्सल बारीक, स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोके बारीक, दोन टाय रॉडांमधली आडवी दांडीही निराळी. एकाच वर्षाच्या एकाच नावाच्या दोन गाड्यांत इतका भेद! त्यावर १९६६ पर्यंत ब्रेकचे तेल एकाच कप्प्यात असे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. असली गाडी आजच्या रूट वनवर, आजच्या गाड्यांच्या रांगेत, लाल दिव्यापाशी उभी करून दाखवणे हे काम सोपे नाही. शिवाय मामींची इच्छा अशी की ह्या गाडीत बसून एकदा एडिसनला जाऊन यावे. त्यांचे वय ऐंशीपुढे. तेव्हा थांबण्याचा प्रश्न हा केवळ हौसेचा प्रश्न राहिला नाही.

नातवाने त्यावर उपाय शोधला होता. एका विक्रेत्याकडून त्याने ग्रॅनडा गाडीचा पुढचा जुडगा, म्हणजे दोन्ही बाजूंचे स्टब ॲक्सल, डिस्क आणि कॅलिपर, स्वस्तात आणला. ग्रॅनडा ही फोर्डचीच, १९७५ पासून निघालेली गाडी, आणि तिचे कूळ जुन्या फाल्कनपर्यंत पोचते; म्हणजे नात्याने ती मस्टँगची लांबची पुतणी. भंगारात ग्रॅनडा मुबलक होत्या त्या काळी अनेकांनी हाच मार्ग धरला होता. विक्रेत्याने सांगितले, "बसते." इंग्रजीत सांगितले, पण आमच्या कानांना ते भायखळ्याचेच वाटले.

आणि खरोखर बसते. बॉल जॉइंट जागेवर जातात, नट आवळले जातात, चाक फिरते. अडचण पुढे आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

नातू व त्याचा बाप ह्यांच्यात ह्यावरून बरीच बोलाचाली झाली. एकाने म्हणावे चालते, दुसऱ्याने म्हणावे धोका आहे, आणि कारण कोणालाच नीट सांगता येऊ नये. अध्यापन पदविकेच्या वर्गात आमच्याकडून दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, आणि जे हाताने दाखवता येते ते तोंडाने सांगत बसू नये. आम्ही मामींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सीरियलचा रिकामा खोका कापला, त्याच्या पट्ट्या केल्या, टाचण्या आणल्या, आणि गाडीचे पुढचे एक चाक मांडले.

वाचकांनीही मनात मांडून पाहावे. गाडीच्या अंगाला दोन दांडे जोडलेले आहेत, वरचा आखूड व खालचा लांब. त्यांची आतली टोके गाडीला धरलेली, बाहेरची टोके स्टब ॲक्सलला. खड्डा आला की चाक उचलले जाते आणि हे दोन्ही दांडे आपापल्या आतल्या टोकाभोवती फिरतात, कंपासाच्या दोन पायांप्रमाणे, प्रत्येक आपापला कंस काढीत. आता तिसरा दांडा आहे टाय रॉड. तो चाकाला वळवतो, आणि त्याचे बाहेरचे टोक स्टब ॲक्सलला फुटलेल्या हाताला जोडलेले असते. चाक वर जाताना हा टाय रॉडही आपला कंस काढतो. ज्याने गाडी रेखाटली त्याने हे तिन्ही कंस अशा बेताने आखलेले असतात की चाक वर जावो वा खाली, टाय रॉडने त्याला ना ढकलावे ना ओढावे. स्टब ॲक्सलच्या त्या हाताचे भोक अर्धा इंच जरी इकडचे तिकडे झाले, तरी तिसरा कंस पहिल्या दोहोंशी फटकतो. मग खड्ड्यात चाक उचलले गेले की ते आपणहून आत वा बाहेर वळते. स्टिअरिंग धरलेला हात हललेलाही नसतो. इकडचे जाणकार ह्यास बंप स्टिअर म्हणतात.

पुठ्ठ्याच्या चाकावर हे चटकन दिसते. टाय रॉडच्या पट्टीची टाचणी मूळ भोकात असता चाकाची पट्टी सरळ वर गेली. टाचणी थोडी सरकवली तर तीच पट्टी वर जाताना तिरकी झाली. मामी चष्मा लावून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे रस्ताच गाडी चालवणार!" शिक्षकी पेशात आम्ही तीस वर्षे घालवली, पण इतके नेमके उत्तर वर्गात क्वचितच मिळाले.

ग्रॅनडाच्या स्टब ॲक्सलचा तो हात मस्टँगच्या हाताशी तंतोतंत मिळत नाही, आणि १९६५-६६ च्या गाडीवर तो चढवणाऱ्यांची जुनी तक्रार हीच आहे. टाय रॉडचे निमुळते भोकही मोठे, त्यामुळे मधे बुश घालून किंवा निराळी टोके मिळवून काम भागवावे लागते. ह्यातला घातक भाग असा की गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर काहीच कळत नाही. घरापुढच्या गल्लीतही कळत नाही. महामार्गावर पुलाचा सांधा येतो, वेग पंचावन्न मैलांचा असतो, आणि गाडी एकदम अंग टाकते; तेव्हा कळते.

बाकीच्या अडचणी लहान, पण एकीतून दुसरी निघणाऱ्या. ग्रॅनडाची चाके पाच बोल्टांची, मामांच्या गाडीची मागची चाके चार बोल्टांची. म्हणजे डिकीतले एक जादा चाक पुढच्या कामाचे तरी नाही किंवा मागच्या तरी नाही. मागचे चाक बदलावे तर मागचा ॲक्सल बदलणे आले. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरात थोडासा दाब राखून ठेवणारी झडप असते, ती ड्रमला हवी. डिस्कला तीच जाचते, कारण पॅड डिस्कला घासत राहते. एक वस्तू बदलली की शेजारची सहा बदलावी लागतात. आपल्याकडे लग्नाच्या याद्या अशाच वाढतात.

असो. कोणत्या वर्षाचे काय कोणत्या वर्षाला चालते, ह्याचा शोध इकडे पुष्कळ वर्षांपासून पद्धतशीर चालू आहे. हॉलंडर नावाचा एक अदलाबदलीचा ग्रंथ १९३४ पासून निघत आला असून भंगारवाले त्याला वेदवाक्य मानतात. फोर्डच्या भागांवरील क्रमांकही वाचावयास शिकले पाहिजे, आणि ते आम्हांस हजेरीपटासारखे गोड वाटले. पहिले अक्षर दशकाचे: 'सी' म्हणजे साठीचे, 'डी' म्हणजे सत्तरीचे. नंतरचा अंक त्या दशकातल्या वर्षाचा. तिसरे अक्षर गाडीचे. 'झेड' असेल तर मस्टँग, 'डी' असेल तर फाल्कन. मात्र तो क्रमांक त्या भागाच्या रेखाटनाचे वर्ष सांगतो, तो ज्या गाडीतून काढला तिचे नव्हे. १९६५ चा क्रमांक असलेला भाग १९६६ च्या गाडीत कंपनीनेच घातलेला असू शकतो. विद्यार्थ्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि तो कोणत्या इयत्तेत बसला आहे, ह्यांत जो फरक, तोच येथे.

पेन्सिल्व्हेनियातील कार्लाईल गावी १९७४ पासून जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे बाजार भरतात. जूनच्या सुमारास केवळ फोर्ड गाड्यांचा भरतो. आम्ही नातवाबरोबर तेथे गेलो. ताडपत्रीवर मांडलेले गंजके आर्म, तेलकट स्प्रिंगा, खोक्यांतून दिव्यांच्या काचा, आणि उन्हात खुर्ची टाकून बसलेले म्हातारे विक्रेते. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच चालतो आहोत असे क्षणभर वाटले. फरक इतकाच की येथे कोणी हाका मारीत नव्हते. एका वृद्धाने नातवाच्या हातातले टिपण वाचले आणि सांगितले की १९६६ च्या गाडीला १९६६ चीच आठ सिलिंडरवाली जोडी घे, आणि घ्यावयाची तर सगळी घे: स्टब ॲक्सल, मधली दांडी, टाय रॉड, सारे. विकावयास त्याच्यापाशी त्यांतले काहीच नव्हते, म्हणून आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला.

परंतु घरी मामींचा प्रश्न उभा होता. त्या सुरुवातीला कशासच तयार नव्हत्या. "ह्यांनी जशी ठेवली तशी राहू द्या," एवढेच त्यांचे म्हणणे. नातू म्हणे, आजी, जशीच्या तशी ठेवली तर ती थांबणार नाही. दोघांचेही खरे होते, आणि असल्या वेळी वडीलधाऱ्यांनी कोणाची बाजू घ्यावी हे कोणत्याही पदविकेत शिकवत नाहीत. आम्ही काही बोललो नाही. दोन दिवसांनी मामींनीच तोड काढली: जे काढून पुन्हा पूर्वीचे लावता येईल ते करा, गाडीला नवे भोक पाडावयाचे नाही आणि तिचे काही कापावयाचे नाही.

ह्या एका अटीने पुष्कळ गोष्टी परस्पर निकालात निघाल्या. कॅरोल शेल्बी ह्यांच्या १९६५ च्या जीटी ३५० गाड्यांत वरच्या दांड्याची आतली बैठक एक इंच खाली घेतली होती, त्यामुळे वळणावर चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते. नातवाला ते करावयाचे होते. त्याला नवी भोके लागतात, म्हणून ते राहिले. १९७४ च्या मस्टँग टू ह्या लहान गाडीचा संपूर्ण पुढचा सांगाडा जुन्या गाड्यांत घालण्याची येथे मोठी चाल आहे. त्यासाठी ह्या गाडीचे स्प्रिंगचे मनोरे कापावे लागतात. आमच्या मते तो सुटा भाग बदलणे नव्हे, अवयवारोपण आहे, आणि रोगी धडधाकट असताना ते कशास करावे?

शेवटी जे झाले ते असे. बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडची टोके सर्व नवी, पण सहा सिलिंडरच्या १९६६ चीच. ड्रम व लायनर नवे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने खालच्या दांड्याच्या बैठकी खाल्ल्या आहेत काय, हे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिले. मामा हिवाळ्यात गाडी बाहेर काढीत नसत, त्याचे फळ दिसले. आणि एक भाग मात्र पुढच्या वर्षाचा घेतला: १९६७ च्या धर्तीचा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. एक बाजू गेली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक राहतात. तो डिस्कच्या गाडीचा नव्हे, ड्रमच्या गाडीचा पाहून घेतला. नळ्या नव्याने वाकवाव्या लागल्या, पण भोक एकही पाडावे लागले नाही. जुना सिलिंडर पुसून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवला आहे.

वरचा दांडा उतरवताना बोल्टांमागे पत्र्याच्या पातळ चकत्या निघाल्या. १९६६ पर्यंत मस्टँगच्या पुढच्या चाकांचा कल ह्या चकत्यांनीच बसवीत: दोन्ही बोल्टांमागे सारख्या घातल्या की चाक माथ्याशी आत-बाहेर कलते, कमीजास्त घातल्या की मागे-पुढे. १९६७ पासून त्यांची जागा खालच्या विकेंद्री बोल्टाने आणि आटे पाडलेल्या दांड्याने घेतली. नातवाने चकत्या मोजावयास घेतल्या, तोच मामी आत गेल्या आणि एक निळी वही घेऊन आल्या. तीत मामांच्या अक्षरात, मराठीत, तारीखवार लिहिलेले होते: डावीकडे पुढच्या बोल्टाला दोन पातळ एक जाड, मागच्याला एक पातळ, उजवीकडे इतक्या. नातवाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. आम्ही वाचत गेलो आणि तो चकत्या मांडत गेला. वहीतली शेवटची नोंद आणि टेबलावरच्या चकत्या एकसारख्या निघाल्या. मामींनी वही परत नेली नाही, त्याच्यापाशीच ठेवली.

चाकांचा कल तपासून देणारा मिळण्यास मात्र तीन दुकाने हिंडावी लागली. एका ठिकाणी तर तरुण कारागीर खालचा विकेंद्री बोल्ट शोधीतच राहिला. १९६६ च्या गाडीला तो नसतोच हे त्याला आमच्या भाच्याने सांगितले. न्यू जर्सीत २०१० पासून खाजगी मोटारींच्या ब्रेक-स्टिअरिंगची सरकारी तपासणी बंद आहे. तेव्हा वाचकांपैकी ज्यांच्या मुलांना जुन्या गाड्यांचा नाद लागला असेल, त्यांनी एवढे तरी पाहावे की नवा भाग लावल्यावर गाडीचे पुढचे अंग जॅकवर वर-खाली करून चाक आपणहून वळते काय, हे कोणीतरी मोजले आहे. दोन पट्ट्या आणि पेन्सिल एवढेच सामान त्यास लागते.

डिस्कचा विचार नातवाने सोडलेला नाही. १९६६ च्या आठ सिलिंडरची पूर्ण जोडी, मागच्या ॲक्सलासकट, मिळाली तर मामींच्या अटीत ती बसते, कारण सारे बोल्टांनी लागते आणि बोल्टांनीच निघते. पैसे मात्र बरेच लागतील. येत्या जूनमध्ये कार्लाईलला पुन्हा जावयाचे ठरले आहे, ग्रॅनडाचा जुडगा तेथे विकावयास नेणार आहेत, आणि ह्या खेपेस मामीही येणार म्हणतात. डबा त्या करणार. आम्ही मागच्या आसनावर बसावे, पुढचे आसन त्यांचे, असे त्यांनी आताच सांगून ठेवले आहे.